पहिल्या फेरीचा मानकरी

उदगीरच्या वेशीबाहेर असलेल्या ‘नवलनगरी’ या करमणूक उद्यानात रोज सूर्य उगवण्यापूर्वी एक प्रकार घडत असे. त्याला पूजा म्हणावे की परीक्षा, हे आजतागायत कोणी ठरवलेले नव्हते. ज्ञानोबा पांचाळ, ज्यांना सारा गाव अप्पा म्हणत असे, धोतराचा सोगा खोचून आकाशपाळण्यापाशी येत. त्या अवाढव्य चाकाच्या खांबाला हात लावून तो हात कपाळी नेत आणि कुंकवाची बोटे उमटवलेल्या पहिल्या क्रमांकाच्या पाळण्यात एकटेच बसत. त्यांचा मुलगा व्यंकट कळ दाबी. रिकामे पाळणे हलवीत चाक एक पूर्ण फेरी घेई. अप्पा उतरून “उघडा दार” एवढेच म्हणत, आणि मग कोठे उद्यानाचा दिवस सुरू होई.

हा रिवाज अप्पांच्या वडिलांनी घातलेला. ते जातीचे लोहार. स्वतःच्या भात्यावर घडवलेला चार पाळण्यांचा झुला बैलगाडीवर लादून ते जत्रोजत्री हिंडत. झुला उभा राहिला की पहिली फेरी मालकाची. स्वतःचा देह आधी पणाला लावल्यावाचून परक्याचे लेकरू पाळण्यात घ्यायचे नाही, असा त्यांचा नेम होता. त्यामुळे पांचाळांच्या घरात मालक कोण, हे कधी विचारावेच लागले नाही. पहिल्या फेरीला कोण बसतो, एवढे पाहिले की पुरे.

आणि याच कारणास्तव व्यंकटच्या अंतःकरणात एक काटा रुतून बसला होता.

त्याचे वय पन्नाशीच्या पुढे गेलेले. मिसरूड फुटल्यापासून नवलनगरीचा कारभार त्याने वाहिला होता. विजेची जोडणी, वंगण, रंगरंगोटी, नोकरमाणसे, तिकीटघर, सारे तोच पाही. परंतु पहिल्या फेरीला अप्पांनी त्याला एकदाही बसू दिले नव्हते. तरुणपणी त्याने विचारले तेव्हा “अजून वेळ हाय” असे उत्तर आले. पुढे केस पांढरे होऊ लागल्यावर विचारले तेव्हा अप्पा म्हणाले, “तू कळ दाब.” त्यानंतर व्यंकटने विचारले नाही.

त्यात अप्पांचा दुसरा एक हट्ट होता. गेली कित्येक वर्षे आकाशपाळण्यात एकाआड एक पाळणा रिकामा ठेवायचा, असा त्यांचा सक्त हुकूम होता. रांगेत माणसे ताटकळत आणि निम्मे चाक मोकळे फिरे. कारण विचारले तर अप्पा तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून गप्प बसत.

पुढे पुढे रांगाच उरल्या नाहीत. ज्या काळाची ही हकीकत आहे, त्या काळी घरोघरी ती टोपी आली होती. डोक्यावर चढवली की कानामागच्या तोलाच्या नसेला ती अशी काही हुलकावणी देई, की माणूस चटईवर बसल्या जागी हिमालयावरून झेप घेई, समुद्राच्या तळाशी जाई आणि जेवायच्या वेळी टोपी काढून ताटावर येई. अशा स्थितीत ऊन खात, धूळ खात खऱ्या लोखंडाच्या पाळण्यात बसायला कोण येणार? हैदराबादेच्या एका कंपनीने ती जागा टोप्यांच्या गोदामासाठी मागितली होती. अप्पांनी सांगितले, “खंडेनवमीला हत्यारं पुजू. त्या दिवशी काय ते बोलू.”

अशा वेळी शासनाचा नवा नियम आला: माणसे वाहणाऱ्या प्रत्येक झुल्यास ‘साक्षीलेप’ नावाचा, लोखंडावरचा ताण दाखवणारा नवा रंग दिल्याखेरीज परवाना मिळणार नाही. आणि हा साक्षीलेप ज्या पुण्याच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला, तेथे अप्पांची धाकटी कन्या उर्मिला संशोधक होती. ती स्वतःच लेपाची पिंपे घेऊन आली.

“आधी दाखव, मग लाव,” अप्पा म्हणाले. “माझ्या चाकाला मी अजून अनोळखी माणसाचा हात लावू दिला नाही.”

“मी अनोळखी हाय का अप्पा?”

“तू न्हाईस. तुझं पिंप हाय.”

उर्मिला हसली. तिने देव्हाऱ्यातून खडीसाखरेची वाटी आणि अप्पांचा अडकित्ता आणला, अप्पा आणि व्यंकट दोघांना तिकीटघरात नेले आणि दारे-खिडक्या लावून फटींत पोती कोंबली. डोळे अंधाराला सरावल्यावर तिने एक खडा अडकित्त्यात धरून फोडला.

निळसर चमक झाली. डोळ्याचे पाते लवावे तेवढीच, परंतु तिघांनीही पाहिली.

“पुन्हा कर,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकाएकी लहान मुलासारखा झाला होता.

तिने पुन्हा खडा फोडला. पुन्हा निळी चमक. आयुष्यभर ज्या प्रसादाचे खडे आपण कडाकडा चावले, त्यांच्या पोटात इवलीशी वीज दडलेली होती, या विचाराने व्यंकटच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

उर्मिलेने उलगडा केला तो असा. साखरेचा स्फटिक फुटतो तेव्हा त्यातील धन आणि ऋण भार क्षणमात्र विलग होतात, आणि पुन्हा एकमेकांना भेटताना हवेत सूक्ष्म ठिणगी पाडतात. परंतु काही खनिज स्फटिक फुटण्याचीही वाट पाहत नाहीत. नुसते दाबले, ताणले वा किंचित वाकवले तरी ते उजेड देतात. जस्त आणि गंधक यांच्या संयुगात तांब्याचा अंश मिसळला तर हिरवा प्रकाश निघतो, मँगनीजचा मिसळला तर केशरी. तिच्या प्रयोगशाळेने या दोन भुकट्या एका लेपात अशा बसवल्या होत्या, की लोखंडावर रास्त भार आला तर हिरवी जागी व्हावी, आणि लोखंडाला सोसवेना असा ताण आला तरच केशरी.

“लोखंड आपल्याला ताठ वाटतं अप्पा, पण ते प्रत्येक ओझ्याखाली केसाच्या शंभराव्या भागाइतकं वाकतं आणि परत सरळ होतं. आजवर ते कुणाला दिसत नव्हतं. आता दिसंल.”

अप्पांनी अंधारातच वाटीतला खडा तोंडात टाकला. “लाव,” ते म्हणाले.

लेप देण्याचे काम बरेच दिवस चालले. व्यंकट स्वतः दोराला लटकून खांबांना आणि प्रत्येक आऱ्याला ब्रश मारी. काम करता करता एकदा त्याने बहिणीला आपल्या मनातले सांगितले.

“उर्मे, नवमीला मी ‘विकून टाका’ म्हणणार हाय.”

“का रे दादा? सारा जन्म घातलास की हितं.”

“जन्म मी घातला, पण जागा माझी न्हाई. अप्पांचा माझ्यावर भरवसाच न्हाई गं. दुसऱ्याच्या दारात कळच दाबायची, तर ती गोदामात दाबीन.”

भावाच्या हाताला लागलेला लेप तिने चिंधीने पुसून दिला. पुसताना त्याच्या बोटांवर मंद हिरवी छटा उमटली आणि विझली.

शेवटचा आरा रंगवून झाला, तेव्हा चाकाच्या मधल्या धुऱ्याजवळचा लेप तेवढा ओला होता. तरीही दिवेलागणीला उर्मिलेने उद्यानातले सगळे दिवे मालवायला लावले. गावातली पाचपंचवीस माणसे कुतूहलाने जमली होती. त्यांना पाळण्यात बसवले, अर्थात एकाआड एक. व्यंकटने कळ दाबली.

प्रथम काहीच दिसले नाही. मग चाकाच्या पोटातून एक हिरवी रेघ उमटली. एका आऱ्यावर भार आला, तो उजळला. भार पुढच्या आऱ्याकडे सरकला, तसा पहिला मावळला आणि दुसरा उजळला. चाक गती घेऊ लागले तशा त्या रेघा एकमेकींत मिसळल्या. अंधाऱ्या माळावर, कोणत्याही दिव्यावाचून, प्रकाशाचे एक प्रचंड फूल उमलून सावकाश फिरू लागले. जेथे जाड माणूस बसला होता तेथला आरा गडद होता. जेथे एक पोरगी आईच्या मांडीवर टाळ्या पिटीत होती, तेथे प्रत्येक टाळीसरशी प्रकाश थरथरत धुऱ्याकडे धावत होता. एका पाळण्यात कोणीतरी खो-खो हसले, तर ते हसू आऱ्यातून लाटेसारखे गेलेले सर्वांनी पाहिले.

ज्यांनी टोपीतून हिमालय पाहिला होता, त्यांनी आपले स्वतःचे वजन कधी पाहिले नव्हते. या पृथ्वीने आपल्याला खाली ओढावे आणि लोखंडाने वर तोलून धरावे, हा व्यवहार जन्मापासून चाललेला; परंतु तो डोळ्यांपुढे असा साकार झाल्यावर व्यंकटला वाटले, की आपण इतकी वर्षे एका जिवंत प्राण्याच्या पायाशी राहिलो आणि त्याचे तोंड आज प्रथम पाहिले.

त्याने अप्पांकडे पाहिले. अप्पा मात्र फुलाकडे पाहत नव्हते. ते मधोमध, धुऱ्याजवळच्या त्या काळ्या, न उजळलेल्या जागेकडे टक लावून बसले होते.

“तिथला लेप कधी वाळंल?” त्यांनी विचारले.

“पहाटेपर्यंत,” उर्मिला म्हणाली.

अप्पांनी मान हलवली आणि ते उठून घरी गेले. व्यंकटने रोजच्याप्रमाणे माणसे उतरवली, चाक थांबवले, कुलूप घातले.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आधी अप्पा आले. उर्मिला प्रकाश टिपणारे यंत्र घेऊन धुऱ्याच्या समोर उभी राहिली. अप्पांनी खांबाला हात लावला, तो कपाळी नेला आणि ते पाळण्यात बसले. चाक फिरू लागले. एकट्या म्हाताऱ्याचे हलके ओझे. त्यामुळे प्रकाशही निरांजनासारखा, एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर अलगद जाणारा. पाळणा माथ्यावर गेला. पाळणा उतरणीला लागला. तो तळाशी आला, आणि त्याच क्षणी धुऱ्याच्या टोपणापाशी लखकन केशरी ठिणगी उठली.

“दादा, थांबव,” उर्मिला म्हणाली.

व्यंकटने कळ ओढली. पाळणा जरासा डोलून स्थिर झाला. अप्पा उतरले नाहीत. पाळण्याची सळई धरून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “दिसला का?”

“काय अप्पा?”

“खटका.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” व्यंकटने विचारले.

“पाळणा तळाला आला की पाठीच्या कण्यात एक बारीक खटका बसतो. गर्दीत, गाण्याच्या आवाजात कुणाला कळायचा न्हाई. पहाटे एकट्याला कळतो. लई वर्षं झाली. नट तपासले, सांधे तपासले, वंगण बदललं. सापडंना. म्हणून निम्मे पाळणे मोकळे ठेवले, चाकावर भार कमी पडावा म्हणून. अन् रोज बसून बघतो. ज्या दिवशी खटका वाढंल, त्या दिवशी दार उघडायचं न्हाई, असं ठरवलं होतं.”

“मग मला का न्हाई सांगितलं?” व्यंकटचा आवाज चढला. “इतकी वर्षं मी हितं कोण होतो? परका होतो का? दोनदा तोंड उघडून मागितली मी ती जागा.”

अप्पांनी मुलाकडे पाहिले. “तुला सांगितलं असतं, तर तू मला उतरवून सोता बसला असतास.”

व्यंकटच्या छातीतला काटा त्या एका वाक्याने मुळासकट हलला. परंतु काटा निघताना जी कळ येते, ती त्याला आता आली. त्याने तोंड फिरवले.

उर्मिला मात्र ठिणगीच्याच विचारात होती. यंत्राने टिपलेले चित्र तिने पुन्हा पुन्हा पाहिले. “हे अजब हाय,” ती म्हणाली. “ठिणगी फेरीत एकदाच पडते, आणि ती पहिला पाळणा तळाला असतानाच पडते. म्हणजे धुऱ्याच्या एकाच बाजूला काहीतरी झालंय. इतका जाड धुरा एकाच जागी कसा झिजंल?” मग काहीसे आठवून तिने विचारले, “दादा, संध्याकाळी चाक बंद करताना कुठं थांबवतोस?”

“अप्पांचा पाळणा खाली,” व्यंकटने तत्परतेने सांगितले. “एक दिवस चुकलो न्हाई. त्यांचे गुडघे दुखतात. पहाटे आल्यावर ताटकळायला नको, चढायला नको. आले की बसले.”

हे बोलत असताना त्याच्या स्वरात जो अभिमान होता, तो वाक्य संपता संपता विरघळून गेला. कारण बहिणीचा चेहरा त्याने पाहिला.

तिने शांतपणे समजावून सांगितले. त्या चाकाचा धुरा पितळी बुशात, म्हणजे जाड कड्यात, टेकलेला असतो. चाक फिरते राहिले तर झीज सर्व बाजूंनी सारखी होते. परंतु सारी रात्र चाक एकाच स्थितीत उभे ठेवले, तर त्याचा सगळा भार धुऱ्याच्या एकाच ठिकाणावर पडतो. माळावरचा वारा चाकाला रात्रभर सूक्ष्मपणे डुलवीत राहतो, आणि त्या घासण्याने मधले वंगण निघून जाऊन तेथे खळगा पडू लागतो. एका रात्रीत काही होत नाही. वर्षानुवर्षे तीच जागा खाली आली तर होते.

पूर्वेकडे तांबडे फुटत होते. लेकाने बापाच्या गुडघ्यांची काळजी केली, त्यातून तो खटका जन्मला. आणि त्या खटक्याच्या भयाने बापाने लेकाला जागा दिली नाही. दोघांमध्ये एवढे पोलाद उभे होते, आणि त्या पोलादावर दोघांची माया अशी उलटसुलट उमटली होती.

अप्पांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. व्यंकट घाबरून पुढे धावला. परंतु अप्पा हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि त्या हसण्याने पाळण्यावरचा आरा हिरवा थरथरत होता.

“माझ्या गुडघ्यापायी रं?” ते म्हणाले. “अरे खुळ्या, पाळणा खाली येईस्तोवर टेकायला एक स्टूल ठेवलं असतंस तरी भागलं असतं.”

त्याच दिवशी चाक बंद केले. मोठी क्रेन आणून ते उचलले आणि धुरा बाहेर काढला. खालच्या अंगाला खळगा होता. जुन्या देवळाच्या पायरीला असंख्य पावलांनी पडावा तसा गुळगुळीत, उथळ. आणि त्याच्या कडेपासून केसासारखी एक चीर निघालेली. व्यंकटने त्या खळग्यात अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. आपली सगळी सेवा हातात धरून पाहता येईल, असे त्याला कधी वाटले नव्हते.

“अजून थोडे दिवस गेले असते तर...” उर्मिला म्हणाली, आणि त्या चिरेवरून तिने नख फिरवले.

नवा धुरा घडवून बसवला. दरम्यान त्या एका संध्याकाळची वार्ता पंचक्रोशीत गेली होती. प्रकाशाचे फूल पुन्हा केव्हा फिरणार, असे विचारायला माणसे फाटकाशी येऊ लागली. टोपी सगळे काही दाखवी, परंतु आपले हसू लोखंडातून धावताना दाखवणे तिला शक्य नव्हते. कारण तेथे लोखंडही नव्हते आणि भारही नव्हता.

खंडेनवमी उजाडण्यापूर्वीच पांचाळांनी हत्यारे मांडली. घण, ऐरण, पाने, भात्याची नळी; आणि त्यांच्या मधोमध तो जुना धुरा, खळगा वर करून. अप्पांनी खळग्यात हळदकुंकू वाहिले.

“कंपनीला काय सांगू?” उर्मिलेने विचारले.

“मला काय विचारतीस? मालकाला विचार,” अप्पा म्हणाले, आणि काठी टेकीत ते कळीच्या खोलीकडे चालू लागले. दारात थांबून त्यांनी मागे पाहिले. “व्यंकटा, उशीर करू नको. मानसं खोळंबलीत.”

व्यंकट चाकापाशी गेला. आदल्या संध्याकाळी रिकामे फिरवून पाहिल्यावर त्याने चाक नेम धरून थांबवले नव्हते. वीज तोडून आपोआप थांबू दिले होते. आज तळाशी अकरावा पाळणा होता. कुंकवाची बोटे उमटवलेला पहिला पाळणा वर अंधारात कोठेतरी टांगलेला. त्याने खांबाला हात लावला, तो कपाळी नेला आणि समोर आला त्या पाळण्यात बसला.

चाक हलले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे पाय जमिनीपासून सुटले, तशी त्याने लहान मुलाप्रमाणे सळई घट्ट धरली. त्याच्या भाराचा हिरवा उजेड त्याच्याबरोबर वर वर चढला. धुऱ्याजवळ तो मंद आणि एकसारखा राहिला. केशरी कोठेही नव्हता. माथ्यावर पोचल्यावर त्याला पूर्वेच्या फिकट उजेडात उदगीरचा सारा माळ दिसला, फाटकाबाहेर दाटलेली माणसे दिसली. त्याने कान टवकारले, सारा कणा कानासारखा केला. खटका आला नाही.

मग त्याने खाली पाहिले. कळ दाबून अप्पा खोलीतून बाहेर आले होते आणि खांबाला तळवा टेकून उभे होते. मालक झाल्यापासून प्रथमच ते पहिली फेरी खालून अनुभवीत होते. त्यांनी तळवा घट्ट दाबला असावा, कारण त्या हाताच्या कडेने खांबावर हिरवा उजेड पाझरला होता. पाच बोटांचा, स्पष्ट.

पाळणा सावकाश उतरत तळाशी आला. व्यंकट उतरला. खांबावरचा तो हात अजून तेथेच होता.

“कसं हाय?” अप्पांनी विचारले.

“गुळगुळीत.”

अप्पा वाट पाहत राहिले. तेव्हा व्यंकटच्या ध्यानात आले, की पुढचे शब्द आता आपण म्हणायचे आहेत.

“उघडा दार,” तो म्हणाला. “सगळे पाळणे भरा.”